उत्कृष्ट डबिंग

"उत्कृष्ट डबिंगचं पारितोषिक!" पुण्याच्या महोत्सवात निवेदिकेनं माइकवरून जाहीर केलं आणि माझ्या लघुपटाचं नाव घेतलं. मी खुर्चीतच बसून राहिले. त्या अकरा मिनिटांत डबिंग नव्हतंच. माझी सिद्दी अम्मी मुरुडच्या रेशन दुकानदाराशी भांडते, एवढंच होतं त्यात. आवाज तिचा, शिव्याही तिच्याच.

परीक्षक कौतुकानं सांगत होते, "आफ्रिकन बाईंच्या तोंडी आपली कोकणातली मराठी इतकी चपखल बसवलीय, की ओठसुद्धा जुळतात!"

ओठ जुळणारच की, गाढवा. आमच्या दहा-बारा पिढ्या त्याच कोकण किनाऱ्यावर पुरल्यात. पण हे मी शाळेत सांगितलं, कॉलेजात सांगितलं, शेवटी फिल्म काढून सांगितलं. आता पुन्हा उभं राहून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं.

उठली ती अम्मी. माझ्या शेजारून पदर खोचत थेट स्टेजवर गेली. ट्रॉफीला हातही लावला नाही, माइक घेतला.

"माझा आवाज जिने दिलाय ना, तिला बोलवा वर. मीपण बघते, कोण बया आहे ती."

सभागृहात टाळ्या पडल्या. निवेदिका अम्मीचा हात धरून म्हणाली, "अय्या, किती गोड! मराठी कुठे शिकलात हो?"

अम्मीनं माइक तिच्या हातात परत ठेवला आणि खाली आली. आमची पिशवी उचलत मला म्हणाली, "चल गो. चारची एसटी गाठू."