रामाकोन्याचा चढ

रामाकोन्याच्या चढावर जुनी डिझेल पिकअप दम टाकायची आणि अनसूयाबाईंना सगळ्यांसोबत खाली उतरून पायी चढावं लागायचं. तेही लेकीच्या सासरी जाताना! विहिणीच्या दारात घामाघूम पोचणं म्हणजे आपलंच नाक कापून तिच्या ताटात वाढणं.

"डिझेल पंपाचा स्क्रू जरासा फिरवला का जोर येते, माय," गाडी चालवणारा लेक मुकुंदा म्हणाला.

"आन् उतारावर कोण थांबवन, तुहा बाप? जोराच्या बैलाले पयले वेसण, मंग खुराक!"

मग सौसरच्या गुलाब मिस्त्रीनं आधी ब्रेक नवे बसवले, मोठा रेडिएटर टाकला, डिझेल नीट जळावं म्हणून नोझल साफ केले आणि शेवटी पंपाचा जोर बेतानं वाढवला.

पुढच्या इतवारी गाडी चढ अशी चढली, जणू सपाट रस्ताच. अनसूयाबाई थेट विहिणीच्या दारात राणीसारख्या उतरल्या. पाहतात तर विहीणबाई केस मोकळे सोडून बसलेल्या आणि चूल थंडगार.

"आमी येऊन राहिलो, हे माहीत नोतं का, ईनबाई?"

"माहीत होतं ना! पण दरखेपी तुमच्या गाडीचा काया धूर चढावर दिसला का मी चूल पेटवत होती. तुमी पायी पोचेस्तोवर सैपाक तयार. आज धूरच नाही दिसला!"

दुपार टळल्यावर मिळालेली भाकर खाऊन परतताना अनसूयाबाईंनी गाडी मिस्त्रीच्या दुकानासमोर थांबवली.

"गुलाब, जोर राहू दे," त्या म्हणाल्या. "धूर तेवढा वापस टाक."