फक्त शिकागोतल्या मॅचेस

"या घरात जाईचं नाव पुन्हा काढायचं नाही," लेकीने शिकागोत मार्कशी लग्न केलं तेव्हा ह्यांनी बजावलं होतं.

यंदा ह्यांना अचानक बेसबॉलचं वेड लागलं. शिकागोतली रात्रीची मॅच इथे सिंगापुरात सकाळी, माझ्या पूजेच्या वेळी लागते. हे बाल्कनीत फोन घेऊन बसायचे. शिकागोची टीम परगावी खेळायला गेली की मात्र बघायचे नाहीत. हा कसला फॅन?

काल ह्यांचा हळू आवाज आला, "आज एकटीच आलीस? दमलेली दिसतेस गं." माझ्या हातातली माळ थांबली.

आज दबक्या पावलांनी ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. मॅचच चालू होती. बॅट्समनच्या मागे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, जाई बसली होती.



ह्यांनी लेकीकडे परत पाहावं म्हणून मी गणपतीला मोदक बोलले होते. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि तोआ पायोहच्या मार्केटला नारळ आणायला निघाले.