फ्यूस्टर आणि फलटणकर

“अख्ख्या जगात आमची माणसं मूठभर!” जेफ फ्यूस्टर सोफ्यावरून जवळजवळ उठलेच. त्यांनी मोबाइल शैलेंद्रच्या नाकासमोर धरला. इंग्लंडचा नकाशा होता. वर यॉर्कशायरच्या बाजूला लाल ठिपक्यांचा पुंजका, बाकी देश जवळपास कोरा. “जिथे फ्यूस्टर, तिथे ठिपका. सगळे मी स्वतः शोधून लावलेत. हा मी. हा माझा चुलतभाऊ. आणि हा खालचा एकटा कोण, देव जाणे, पण आहे आमचाच!”

शैलेंद्र फलटणकरने हसून मान डोलावली. होणाऱ्या व्याह्यांशी काय बोलायचं याची त्याने मनात उजळणी करून ठेवली होती. क्रिकेट, दुबईतली भाडी, शारजाचा ट्रॅफिक. आडनावाचा विषय त्यात नव्हता. त्याची मुलगी शुभ्रा इथे शारजातच जन्मली, इथेच वाढली. ऑफिसातल्या निकशी लग्न ठरवत होती, म्हणून निकचे वडील, हे जेफ, इंग्लंडहून खास भेटायला आले होते. दुबईहून शारजाला पोचता पोचता रस्त्यातच त्यांची संध्याकाळ गेली होती. तरी माणूस दमला म्हणून नव्हता. सोलकढीचा ग्लास एका दमात संपवून ते आल्या आल्या आडनावावरच घसरले होते.

“पण त्याचा अर्थ काय?” शैलेंद्रच्या बायकोने, विभावरीने, अळूवडी वाढता वाढता विचारलं.

जेफ याचीच वाट बघत होते. “घोड्याचं खोगीर असतं ना? त्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो. तो घडवणारा, तो फ्यूस्टर! आम्ही राजे नव्हतो, सरदार नव्हतो. पण आमच्या लाकडाशिवाय सरदाराची मांडी घोड्यावर ठरली नसती!”

“बाबांनी हे काल टॅक्सीवाल्यालासुद्धा ऐकवलंय,” निक म्हणाला. सगळे हसले.

शैलेंद्र हसला नाही. त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

“आणि फलटणकर?” जेफनी विचारलं. “त्याचा काय अर्थ?”

“फलटण नावाचं गाव आहे. तिथले ते फलटणकर.” हे उत्तर त्याला झोपेतही देता आलं असतं.

“ते गाव झालं हो. पण तुमची माणसं काम काय करायची?”

विभावरीचा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने ताटली पुढे केली. “अजून एक घ्या ना, गरम आहे.”

पण शैलेंद्र मनाने तिथे नव्हताच. तो पुण्यातल्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात उभा होता. भिंतीवरच्या यादीतलं त्याचं तेव्हाचं आडनाव कुणीतरी मोठ्यांदा वाचलं होतं आणि नाक दाबून म्हणालं होतं, “कातड्यातला का रे?” सगळा व्हरांडा हसला होता. त्याच वर्षी त्याने गॅझेटमध्ये आडनाव बदलून फलटणकर करून घेतलं. त्यानंतर पत्रावर पत्ता लिहिताना वडील मुलाचं नुसतं नाव घालायचे. आडनावाची जागा मोकळी सोडायचे. पुढे दुबई आली, नोकरी आली, शुभ्रा झाली. तिला काही सांगायची वेळच येऊ दिली नाही.

आणि इथे हा माणूस त्याच खोगिराचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी मिरवत होता. शैलेंद्रने त्याच्या चेहऱ्यावर कुठे संकोच दिसतो का ते शोधलं. नव्हताच. नुसता आनंद होता, पोरासारखा. ते बघता बघता शैलेंद्रने हातातला ग्लास खाली ठेवला.

“खोगीर!” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “सांगाडा तुमचा, मान्य. पण नुसत्या लाकडावर बसणार कोण? वर चामडं चढवावं लागतं. ते आम्ही चढवायचो!”

“काय सांगता!” जेफ ओरडलेच.

शैलेंद्रने सोफ्यावरची उशी ओढली, सोफ्याच्या हातावर खोगिरासारखी टाकली आणि तो चक्क जमिनीवर गुडघे टेकून बसला. “चामडं ओलं असतानाच ताणायचं. असं! माझे आजोबा दोन्ही गुडघ्यांत धरून ताणायचे. राजवाड्याच्या पागेतली जिनं, म्हणजे खोगिरं, आमच्या ओसरीवर यायची. मी त्यांच्यावर बसून घोडा घोडा खेळलोय!” त्याचा शर्ट पँटीतून बाहेर आला होता. जेफही पलीकडे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी उशीचं दुसरं टोक पकडलं.

“यल्ला, चला, ओढा!” निक टाळ्या वाजवत होता. विभावरी हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती.

“इतकी वर्षं मी शोधतोय,” जेफ धापा टाकत म्हणाले, “की आमच्या हातून तो सांगाडा पुढे कुणाच्या हातात जायचा. तुमच्याकडे त्या लोकांना काय म्हणतात?”

“जिनगर!” शैलेंद्र इतक्या मोठ्यांदा म्हणाला की शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेलं असेल. किती वर्षांनी त्याच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला होता.

निकशेजारी बसलेली शुभ्रा उभी राहिली. बापाला असं जमिनीवर बसलेलं, असं लाल झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

“बाबा,” तिने विचारलं, “हू आर द जिनगर्स?”

शैलेंद्रने उशी सोडली आणि लेकीकडे पाहिलं.

“आपण,” तो म्हणाला.