पडद्यावरच्या यमुनाबाई

ऑपरेशन टेबलावर यमुनाबाई घोलपांचं हृदय थांबलं, तेव्हा पडद्यावरच्या यमुनाबाईंचं व्यवस्थित चालू होतं. ऑपरेशनआधी प्रत्येक पेशंटची संगणकावर अशी हुबेहूब जुळी बनवत. रक्तापासून रोजच्या गोळ्यांपर्यंत सगळी माहिती तिच्यात भरलेली असे.

सर्जन हसबनीस छाती दाबत होते. भूलतज्ज्ञ डॉ. तुळपुळ्यांनी जुळीवर रक्तस्राव, गुठळी, भुलीचं औषध, सगळं काही सेकंदांत करून पाहिलं. तिचं हृदय एकदाही असं थांबलं नाही.

"म्हणजे आपल्यापासून काहीतरी लपवलंय. दाबत राहा," म्हणत त्यांनी बाहेर बसलेल्या मुलीला फोन लावला. "आईनं सकाळी काय घेतलं? खरं सांग बाई, मी रागावणार नाही."

"बचनाग. गुडघ्यांसाठी रोज उगाळून चाटते. आज भीतीपोटी दुप्पट घेतला."

तुळपुळ्यांनी त्या विषारी मुळीची तेवढीच मात्रा जुळीला दिली. पडद्यावरची हृदयाची रेघ अगदी खऱ्या यमुनाबाईंच्या रेघेसारखीच वेडीवाकडी झाली आणि जुळीचं हृदयही थांबलं.

तुळपुळ्यांनी श्वास सोडला.

"सापडलं. हात थांबवू नका, हसबनीस. आता दोघींनाही परत आणायचंय."