ओट्यावरची चाळणी

"बंद पडतंय बघा हे!" हिना ओरडली, तेव्हा तिचा नवरा पुनीत पंख्याचं तोंड मशीनकडे वळवत होता.

जळगावात मेहरूणच्या त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत, याच कॉम्प्युटरवर 'ओटा' चालायचा. बड्या कंपन्यांना विटलेल्या जळगावकरांची ही ऑनलाइन गप्पांची जागा. ना मालक, ना जाहिराती. पुनीत आणि त्याचा थोरला भाऊ पारस, दोघांनी मिळून उभी केलेली. माणसं वाढली तशी कटकटही वाढली. पारस म्हणाला, चाळणी लावू. शिव्या, तोच तो मजकूर, परस्पर कचऱ्यात. पुनीत पेटला, "ओट्यावर कोणाचा शब्द अडवायचा नाही!" शब्दाला शब्द वाढला. पारसने धुळ्याला जाऊन स्वतःची 'चावडी' काढली, चाळणीसकट. इकडची-तिकडची माणसं एकमेकांशी जोडलेलीच राहिली, चावडीवरचं ओट्यावर दिसायचं, ओट्यावरचं चावडीवर. भाऊ तेवढे बोलेनासे झाले.

आज जैनांची संवत्सरी. ज्याने त्याने सगळ्यांची क्षमा मागायची. सकाळपासून 'मिच्छामि दुक्कडम' धो धो येत होतं, आणि बहुतेक धुळ्याकडून.

"मागच्या वर्षी तिकडून एवढं नव्हतं आलं," हिना म्हणाली.

"मुद्दाम सोडलंय त्याने! आपलं बुडालेलं बघायचंय त्याला."

"मग लावा ना चाळणी. आजच्यापुरती."

पुनीतचं तोंड कडू झालं. पण मशीन आचके देत होतं, करतो काय बिचारा! हे दोन शब्द दिसले की कचऱ्यात, असं त्याने ठरवून टाकलं.

"आणि खाजगी निरोप?"

"त्यांचा काय संबंध? चाळणी फक्त चारचौघातल्या मजकुराला."

मशीन शांत झालं. पुनीत आईच्या खोलीत गेला. सायरबाईंची अठाई होती. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर.

"पारसचा निरोप आला का रे?"

"नाही, मम्मी. मी मात्र सकाळीच पाठवलाय." ते खरं होतं. सगळा ताठा गिळून पाठवला होता.

"फोन लावू का त्यांना?" हिनाने विचारलं.

"नको गं. मागून घेतलेली क्षमा कसली? पण त्याचा शब्द आल्याशिवाय उद्या मी पारणं करायची नाही."

आवाज इतका बारीक झाला होता, की पुनीतला वाकून ऐकावं लागलं.

दुपार गेली. पुनीत दर थोड्या वेळाने निरोप बघत होता. काही नाही. संध्याकाळी जैन स्थानकातून प्रतिक्रमण करून आला, चप्पल न काढताच पुन्हा बघितलं. काही नाही! आत म्हातारी डोळे मिटून पडलेली, आणि हा पठ्ठ्या धुळ्यात बसून माज दाखवतोय. त्याचं डोकंच फिरलं. "चावडीशी जोडणीच तोडून टाकतो!"

"अहो, एकदा तोडलं की जुने धागे परत जोडता येत नाहीत," हिना म्हणाली. "हजारो माणसांचे आहेत."

"जाऊ देत!"

त्याने ओट्यापासून चावडी तोडली. वर सगळ्यांना दिसेल असं लिहिलंही: ज्याला आईची दया नाही, त्याच्याशी आमचा संबंध संपला.

मग हातासरशी चाळणी काढली, आणि कचरा रिकामा करण्याआधी सवयीने एकदा उघडून बघितला. अगदी तळाशी, चाळणी लावल्या लावल्या अडकलेला, एक खाजगी निरोप होता.

'पुन्या, मिच्छामि दुक्कडम. चाळणीच्या बाबतीत तूच खरा होतास. आज पहाटे चावडीवरची काढून टाकली. आता कोणाचाच शब्द अडायचा नाही.'