जागा खाली नाई

सोमाजी तळ्यात बुडून मेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या जागी मला मच्छीमार सोसायटीचं मेंबर करा, म्हणून त्याच्या बायकोनं, धुरपतानं, तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा अध्यक्ष बापूरावनं एकच सांगितलं, "जागा खाली नाई."

आज तळं बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा ठराव होता. समाजमंदिरात अध्यक्ष सोडून चौदा मेंबर बसले होते, आणि हजेरीच्या रजिस्टरात सह्या होत्या एकतीस. धुरपता एकेका नावावर बोट ठेवत गेली. सोमाजीची सही होती, चांगली वळणदार.

"बापूभाऊ, आमचे हे अंगठा लावत होते. तळ्याखाली शाळा हाये काय?"

मागून कोणी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"नाव कटलं नाई तोवर माणूस हजरच रायते, वहिनी. कायदाच हाये तसा."

"मंग माह्यं कुंकू काऊन पुसलं? तुमच्याच मायनं पुसलं."

बापूरावनं रजिस्टर ओढून घेतलं. "ठरावाच्या विरोधात कोण? हात वर करा."

चौदाच्या चौदा हात वर गेले. या बस्तीत असं कधी झालं नव्हतं. बापूरावनं ते शांतपणे मोजले आणि लिहिलं, 'सतरा विरुद्ध चौदा. ठराव मंजूर.'

तळं देऊन टाकणारी ती सतरा नावं धुरपतानं मघाशीच वाचली होती. एक तिचा नवरा. उरलेल्या सोळाही जणांच्या तेरवीला ती जेवून आली होती.