घड्याळवाले साहेब

“सत्तेचाळीस सेकंद! सुमेधा, फिजिक्सच्या एवढ्याशा गणिताला सत्तेचाळीस सेकंद?”

सदाशिवरावांनी स्टॉपवॉचची कळ दाबली आणि मुलीच्या खुर्चीमागे पुन्हा पाय फाकून उभे राहिले. सकाळचे सव्वासहा वाजले होते. दहाला पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजची प्रवेश परीक्षा. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. आठवीपासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आणि या गृहस्थांनी तिला आज पहाटे पाचपासून टेबलाशी जुंपलं होतं. कशाला, तर म्हणे तिची भीती घालवायला!

चिंचवडच्या कंपनीत त्यांची नोकरीच ही. कामगाराच्या मागे उभं राहायचं, एका जॉबला, म्हणजे मशीनवरच्या एका सुट्या भागाला, किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून दिवसाला किती जॉब व्हायला हवेत ते ठरवायचं. स्वतः जन्मात मशीनला हात लावला नाही. पण कोणी किती वेळात काय करावं, ते जगात आपल्यालाच कळतं अशी ठाम समजूत. एकदा त्यांनी बायकोच्या पोळ्यांनाही घड्याळ लावलं होतं. चित्राबाईंनी लाटणं खाली ठेवलं, आणि त्या दिवशी सगळ्यांनी भात खाल्ला.

“पुढचं गणित. सुरू!”

सुमेधाने पेन उचललं. हात असा थरथरला की तीनचा आठ झाला.

“हे काय? सगळी नाटकं! काम टाळायचं असलं की माणसाचा हात कापतो. रोज बघतो मी कंपनीत.”

“बाबा, मला येतंय हो हे. काल तुम्ही केस कापायला गेला होतात तेव्हा मी अख्खा पेपर...”

“बोलण्यात नऊ सेकंद गेले.”

काल तिने खरंच अख्खा पेपर सोडवला होता, तोही वेळेच्या आत. चित्राबाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं. पण या माणसाला सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात दारात सोपानराव आले. चिंचवड गावठाणातला हा माणूस पहाटे कॉलनीत दूध घालायचा आणि साडेसातला त्याच कंपनीत लेथ मशीनवर उभा राहायचा. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी चित्राबाईंच्या पातेल्यात दूध ओतलं आणि आत नजर टाकली.

“सायेब, लेकराला बी घड्याळ लावलं व्हय?”

“मनाची तयारी लागते, सोपानराव. तुम्हाला नाही कळायचं. परीक्षेच्या हॉललासुद्धा मी जाणार आहे. खिडकीबाहेर उभा राहीन, तिला दिसेन असा. किती मिनिटं उरली ते बोटांनी दाखवत राहीन.”

सुमेधाने पेन खाली ठेवलं आणि हात मांडीखाली दाबून धरले.

सोपानरावांनी ते पाहिलं.

“सायेब, सोळा वर्सं लेथवर हाय मी. तुमी मागं येऊन उभं ऱ्हायलात की माझा पयला जॉब बाद. दुसरा बी बाद.”

“मुद्दाम करता तुम्ही लोक! वेळ वाढवून मिळावा म्हणून.”

“सावकाश करतो ते मुद्दामच करतो, खोटं कशाला बोलू? पर हात कापतो त्यो मुद्दाम न्हाई.”

सुमेधा खुर्चीतच वळली. “मग तुम्ही काय करता, काका?”

“आमी काय करनार, ताई? सायेब च्या प्यायला जायची वाट बघतो. त्ये गेलं की हात आपसूक चालतो.”

सदाशिवराव मोठ्याने हसले. “ऐका! सातवी नापास माणूस आता परीक्षेचं तंत्र शिकवणार! चल गं, बूट घालतो मी. एका मिनिटात निघायचं.”

ते खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधू लागले. तेवढ्या वेळात सुमेधाने हॉल तिकीट उचललं, कंपास उचलली, आईच्या पाया पडली. चित्राबाईंनी तिच्या तळहातावर दही घातलं. ते चाटून तिने हात पुसला. एकदा बाबांकडे पाहिलं, जसं एखाद्या बंद पडलेल्या पंख्याकडे पाहावं तसं, आणि चपला घालून बाहेर पडली. दार ओढून घेतलं. बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

एक बूट पायात, एक हातात, अशा अवतारात सदाशिवराव दाराशी धावले. दोन्ही हातांनी दार ओढून पाहिलं. दार हलेना.

“सुमे! अगं कडी काय लावतेस? सुमे!”

चपलांचा आवाज जिना उतरत गेला.

“सोपानराव! आहात का बाहेर? कडी काढा आधी!”

“हाय की, सायेब.” बाहेरून आवाज आला. कडी नुसतीच खुळखुळली. “वैनीसायेब, काढू का?”

सदाशिवरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. चित्राबाई स्टोव्हला पंप मारत होत्या. त्यांनी काडी ओढली, दुधाचं पातेलं वर ठेवलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या,

“राहू द्या, सोपानराव. तुम्ही निघा. शिफ्टला उशीर होईल.”